वाळवंटातले ट्रेल आणि आईची व्हीलचेअर: निघायच्या आधी काय बघायचं

आई पहिल्यांदा अ‍ॅरिझोनाला आली तेव्हा फिनिक्सच्या एअरपोर्टवर व्हीलचेअरमधूनच बाहेर आली आणि आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही, कारण इकडे येणाऱ्या निम्म्या आईबाबांना व्हीलचेअर असिस्टन्स बुक केलेलं असतं, धडधाकट असले तरी, रांगेत उभं राहायला नको आणि इंग्रजीत बोलायला नको म्हणून. दुसऱ्या खेपेला मात्र ती खरीच व्हीलचेअरवर होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरते, पण पार्किंगपासून दुकानापर्यंत म्हटलं तरी दम. आणि तिला बघायचे होते ते "हात वर केलेले निवडुंग", म्हणजे सग्वारो, तेसुद्धा गाडीच्या काचेतून नाही, जवळ जाऊन.

पहिला प्रयत्न आमचा सपशेल फसला. पार्कचं नाव घेत नाही. वेबसाइटवर व्हीलचेअरचं निळं चिन्ह होतं, तेवढ्यावर गेलो. ट्रेल, म्हणजे पार्कातली पायवाट, सुरू झाला तो छान सिमेंटचा, माहितीच्या फलकापर्यंत, आणि फलकाच्या पलीकडे सुट्टी खडी. मी आपला जोरात ढकलतोय, पुढची छोटी चाकं खडीत रुतली, खुर्ची जागच्या जागी थांबली आणि आई पुढे झुकली, नशीब पट्टा लावला होता. मग उलटं फिरवून परत पार्किंगला, तिथल्या शेडखाली बसून थालीपीठ खाल्लं आणि घरी. नंतर कळलं की ते निळं चिन्ह ट्रेलसाठी नव्हतंच, पार्किंग आणि टॉयलेटसाठी होतं.

तर पहिली गोष्ट हीच, "अ‍ॅक्सेसिबल" असं कुठे लिहिलेलं दिसलं की लगेच विचारायचं, काय अ‍ॅक्सेसिबल? टॉयलेट, पिकनिक टेबल, व्हिजिटर सेंटर, कॅम्पसाइट, की ट्रेल? आणि ट्रेल असेल तर अख्खा का पहिला तुकडा?

दुसरं म्हणजे चार गोष्टी डोक्यात ठेवा, या कळल्या की अर्धं काम झालं. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या ट्रेलसाठी २०१३ पासून लागू असलेले नियम आहेत, ते फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जागांसाठी बंधनकारक आहेत, पण बरीच स्टेट पार्कंही, म्हणजे राज्य सरकारांची पार्कं, मोजमाप म्हणून तेच धरतात. त्यात बघायचं ते पृष्ठभाग, रुंदी, चढ आणि आडवा उतार. रुंदी कमीत कमी ३६ इंच. चढ ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०० फूट गेल्यावर ५ फूट चढ, असेल तर कितीही लांब चालतो. त्याच्या वर गेला की लांबीवर बंधन येतं, ८.३३ टक्क्यांपर्यंत असेल तर सलग २०० फूट, १० टक्क्यांपर्यंत ३० फूट आणि १२ टक्क्यांपर्यंत जेमतेम १० फूट, आणि मध्ये थांबायला सपाट जागा हवी. कागदावर १२ टक्के काही वाटत नाही पण ६५ किलोच्या माणसाला ढकलत वर नेऊन बघा, आणि त्याहून वाईट म्हणजे खाली आणून बघा.

आडवा उतार मात्र कोणी बघतच नाही आणि त्रास सगळ्यात जास्त त्याचाच. रस्ता एका बाजूला कलता असला की खुर्ची सारखी त्या बाजूला ओढत जाते, ढकलणाऱ्याचं एक मनगट जातं आणि बसलेल्याला आपण पडणार असं वाटत राहतं. सिमेंट-डांबरावर हा २ टक्क्यांच्या आसपास असावा, कच्च्या ट्रेलवर ५ पर्यंत चालतो. तुमच्या फोनमध्ये लेव्हलचं अ‍ॅप असतं ना, तसबीर सरळ टांगायला वापरतो ते, तो फोन जमिनीवर ठेवला की अंश दाखवतो. ३ अंश म्हणजे साधारण ५ टक्के, आणि पावणेपाच-पाच अंश म्हणजे ८.३३ टक्के. मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून फोन जमिनीवर ठेवतो तेव्हा बायको दुसरीकडे बघायला लागते, पण कामाची गोष्ट आहे.

पृष्ठभागासाठी इकडचा शब्दप्रयोग "फर्म अँड स्टेबल", आपण घट्ट आणि न सरकणारा म्हणू. डांबर, सिमेंट, लाकडी बोर्डवॉक हे तर झालंच, पण वाळवंटात तुम्हाला सारखा दिसेल तो डीकंपोज्ड ग्रॅनाइट, इकडचे लोक त्याला डीजी म्हणतात, आपल्या मुरमासारखा. तोच मुरूम नीट दाबून, चिकट द्रव्य घालून बसवला असेल तर व्हीलचेअर मस्त चालते आणि नुसता पसरला असेल तर रुतते, फोटोत दोन्ही सेम दिसतात. यासाठी फॉरेस्ट सर्व्हिसवाल्यांची, म्हणजे इकडच्या वनखात्याची, एक साधी कसोटी आहे ती मला फार आवडते: तीन वर्षांचं पोर बसवलेली, बारीक प्लास्टिकच्या चाकांची घडीची बाबागाडी तिथून चाकोऱ्या न पाडता सहज ढकलता येईल का? रिव्ह्यूमध्ये कोणी "बाबागाडी घेऊन गेलो" म्हटलं असेल तर ती कुठली बाबागाडी ते बघा, मोठ्या तीन चाकांची जॉगिंगवाली असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आता घरबसल्या शोधायचं कसं. मी करतो ते असं, आधी त्या पार्कचं स्वतःचं पान उघडून त्यात अ‍ॅक्सेसिबिलिटी शोधायचं, कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कवाल्यांची तर यासाठी वेगळी वेबसाइटच आहे, पार्कनिहाय काय काय आहे ते लिहिलेलं. मग ऑलट्रेल्स या ट्रेल शोधायच्या अ‍ॅपवर व्हीलचेअर-फ्रेंडलीचा फिल्टर लावायचा, पण त्यावर विसंबायचं नाही, त्याचा उपयोग खाली लोकांनी टाकलेल्या फोटोंसाठी. फोटोत निवडुंग बघू नका, जमीन बघा. नवीन फोटो आधी लावा. मग सॅटेलाइट व्ह्यूमध्ये ट्रेलवर झूम करायचं, पांढरट रुंद पट्टा ट्रेलला आडवा जाताना दिसला की तो वॉश, म्हणजे कोरडा ओढा, आणि ओढ्यात असते वाळू. वाळवंटातला ट्रेल नव्वद टक्के वेळा मोडतो तो ओढ्यापाशीच, हा माझा स्वतःचा अंदाज आहे, कुठे छापलेला नाही. एकूण चढाचा आकडाही फसवतो, अर्ध्या मैलात ३० फूट म्हणजे सरासरी जेमतेम एक टक्का, पण ते तीसच्या तीस फूट एकाच ठिकाणी असले तर?

आणि मग फोन लावायचा. आपल्या लोकांना फोन करायचा कंटाळा, मला पण आहे, पण ट्रेलची खरी हालत काय ते पार्कातल्या माणसालाच माहीत असतं. "व्हीलचेअर चालेल का हो" असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं, "काहीजण येतात". मी विचारतो ते असं: डांबर किंवा सिमेंट नेमकं कुठे संपतं? वाटेत एखादी पायरी, गेट, गाड्या अडवायला लावलेले खांब आहेत का आणि त्यांच्यात अंतर किती? गेल्या पावसानंतर ट्रेल साफ केलाय का? सावलीत बसायला जागा किती अंतरावर? टॉयलेट ट्रेलच्या सुरुवातीलाच आहे का गाडीने जावं लागतं? एका रेंजरबाई मला म्हणाल्या, थांबा, मी आत्ता बाहेर जाऊन बघून येते, आणि खरंच बघून आल्या.

पावसाचं विचारायचं कारण, अ‍ॅरिझोनात पण मान्सून असतो, १५ जून ते ३० सप्टेंबर, आणि तो आपल्यासारखा रिपरिप पाऊस नसतो, अर्ध्या तासात धो धो पडतो आणि ओढे एकदम भरून येतात. डेथ व्हॅलीत (ते नॅशनल पार्क आहे, स्टेट नाही) सॉल्ट क्रीकचा लाकडी बोर्डवॉक व्हीलचेअरवाल्यांचा लाडका होता, ऑगस्ट २०२२ च्या एका पुरात वाहून गेला, आणि जुन्या याद्यांत त्याचं नाव आपलं तसंच राहिलं. यादीवरची तारीख बघत जा. आणि रस्त्यावरनं पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, अ‍ॅरिझोनात बॅरिकेड ओलांडून अडकलात तर सोडवायचा खर्च तुमच्याकडून घेता येतो, त्या कायद्याला लोक "स्टुपिड मोटरिस्ट लॉ" म्हणतात, चक्क.

आता जागा सांगतो.

फिनिक्सहून जवळ म्हणजे अपाचे जंक्शनचं लॉस्ट डचमन स्टेट पार्क. तिथे नेटिव्ह प्लांट ट्रेल आहे, पाव मैलाचा, पक्का, झाडांच्या नावांच्या पाट्यांसकट, आणि समोर सुपरस्टिशन माउंटनचा सरळसोट कडा. पाव मैल म्हणजे काहीच नाही असं वाटेल, आम्हाला तिथे सव्वा तास लागला. आई प्रत्येक पाटीपाशी थांबत होती. एका झाडाची शेंग हातात धरून बघितली आणि म्हणाली, "अरे ही तर आपली वेडी बाभूळ!" पाटीवर मेस्कीट लिहिलेलं, आणि बाईचं बरोबर होतं, आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच, याच मेस्कीटची बहीण. बाकीचे तिथले ट्रेल डोंगरावर चढतात, ते विसरा. (डचमन नावाचा तो माणूस डच नव्हता, जर्मन होता, जेकब वॉल्ट्झ, १८९१ मध्ये वारला आणि त्याच्या सोन्याच्या खाणीची दंतकथा लोकांच्या मागे लावून गेला. हे आईला सांगितलं तर म्हणे, सापडली का मग?)

टूसॉनच्या पुढे बेन्सनजवळ कार्टनर कॅव्हर्न्स, हे उन्हाळ्यात पाहुणे आले तरी जमतं कारण जमिनीच्या खाली आहे. गुहेत बारा महिने साधारण २१ डिग्री आणि दमटपणा ९९ टक्के, आईला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही गुहा १९७४ मध्ये दोन तरुणांना सापडली, कोणी येऊन नासधूस करू नये म्हणून त्यांनी कित्येक वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही, आणि लोकांसाठी ती उघडली १९९९ मध्ये. आतली वाट पक्की आहे आणि टूरला व्हीलचेअर नेता येते, पण बुकिंग करतानाच सांगायचं आणि आपल्या खुर्चीची रुंदी चाकांसकट मोजून सांगायची, कारण त्यावर मर्यादा आहे. बिग रूम नावाची टूर ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच असते, उरलेला काळ तिथे वटवाघळांचं बाळंतपण. फोन-कॅमेरा आत नेता येत नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर गेटवर भांडण.

कॅलिफोर्नियातलं अँझा-बोरेगो हे त्या राज्यातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, सॅन डिएगोहून दोनेक तास. एवढ्या अवाढव्य पार्कात बोरेगो स्प्रिंग्जच्या व्हिजिटर सेंटरभोवती छोटा पक्का ट्रेल आहे, इमारत जमिनीत दडवलेली आणि तिच्या छपरावर वाळवंटी बाग, आणि तिथून कॅम्पग्राउंडपर्यंत साधारण पाऊण मैलाची पक्की वाट जाते. फुलांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, पण फुलं दरवर्षी येतीलच असं नाही, हिवाळ्याच्या पावसावर आहे सगळं. गावाबाहेर रिकार्डो ब्रेसेडाचे लोखंडाचे प्रचंड पुतळे आहेत, हत्ती, घोडे, वाळूत बुडून वर येणारा सर्प, ते पार्कात नाहीत आणि भोवती वाळू आहे, पण गाडीतून दिसतात. वाटेतले घाट मात्र नागमोडी आहेत, आल्याची वडी जवळ ठेवा.

युटामध्ये मोआबजवळ डेड हॉर्स पॉइंट, पार्किंगपासून मुख्य पॉइंटपर्यंत पक्की वाट आणि खाली २००० फुटांवर कोलोरॅडो नदीचं वळण. एवढ्या थोडक्या ढकलण्यात एवढं मोठं दृश्य मला दुसरीकडे सापडलं नाही. वारा भयंकर असतो, शाल घ्या. गॉब्लिन व्हॅली वरच्या व्ह्यूपॉइंटवरून बघायची, खाली दगडांच्या भुतावळीत उतरायचं तर वाळू आहे. सेंट जॉर्जजवळच्या स्नो कॅन्यनमध्ये व्हिपटेल ट्रेल आहे, जाऊन-येऊन ६ मैल, डांबरी, आणि पार्क स्वतः त्याला अ‍ॅक्सेसिबल म्हणतं आणि लगेच पुढे काही चढ तीव्र आहेत असंही सांगतं. अशी वाक्यं पूर्ण वाचायची सवय लावा. सपाट भाग बघून अर्धा मैल जायचं आणि परत फिरायचं, ट्रेल संपवलाच पाहिजे असा काही नवस नसतो.

न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादला लिव्हिंग डेझर्ट झू अँड गार्डन्स, हे सुद्धा स्टेट पार्कच, १.३ मैलांची पक्की वाट आणि वाटेत तिकडचे प्राणी. कॅलिफोर्नियात पाम डेझर्टलाही याच नावाचं प्राणिसंग्रहालय आहे, नकाशावर पत्ता टाकताना गोंधळ होतो, मग जाल भलतीकडे.

नेवाडाच्या व्हॅली ऑफ फायरबद्दल सगळे विचारतात, लास वेगासहून जवळ म्हणून. खरं सांगायचं तर ती गाडीतून बघायची जागा आहे. माउसेस टँकची वाट वाळूची, अ‍ॅटलॅटल रॉकला लोखंडी जिना. पण लाल दगडातून जाणारा रस्ताच इतका सुंदर आहे की आई पुढच्या सीटवर बसून खूश होती.

खुर्चीबद्दल. भाड्याने किंवा फार्मसीतून आपण आणतो ती बहुतेक ट्रान्सपोर्ट चेअर असते, चारही चाकं छोटी, मॉलसाठी ठीक. बाहेर न्यायला मागची चाकं मोठी, २४ इंची वाली घ्या. पुढच्या छोट्या चाकांवर उपाय म्हणजे फ्रीव्हील नावाचं एक मोठं चाक मिळतं, ते फुटरेस्टला पुढे अडकवलं की छोटी चाकं अधांतरी उचलली जातात, मग खडीचं काही वाटत नाही. महाग आहे आणि घडीच्या खुर्चीला बसवायला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, घ्यायच्या आधी बघा. नसेल तर आपला गावठी उपाय, दहा-वीस फूट वाळू किंवा खडी लागली की खुर्ची उलटी फिरवायची आणि ओढत न्यायची. मोठी चाकं पुढे गेली की रुतत नाहीत. उतारावरही उलटंच, म्हणजे बसलेल्याचं तोंड डोंगराकडे आणि आपण खालच्या बाजूला.

हवेची चाकं असतील तर काट्यांचं बघा. इकडे गोटहेड म्हणतात तो काटा आईने लांबून ओळखला, सराटा, आपला गोखरू, तीच वनस्पती, इथेही पायात आणि ट्यूबमध्ये तशीच घुसते. ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या किंवा भरीव टायर लावा. आणि पिशवीत एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा चाकाला, कपड्याला, कुत्र्याला कुठेही चिकटतो, हाताने काढायला गेलात की हाताला चिकटतो. कंगवा मध्ये घालून झटकन उडवायचा.

ऊन ही थट्टा नाही. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस दुपारी पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ डिग्रीला किंवा त्याच्या वर पोचत होता. बसलेला माणूस तापलेल्या डांबराच्या जास्त जवळ असतो, हे ढकलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. काळं रेक्झिन आणि चाकाच्या लोखंडी रिंगा चटके देतात, आम्ही सीटवर गोधडीची घडी टाकतो. मणक्याला इजा झालेल्या कित्येकांना इजेच्या खालच्या भागात घामच येत नाही, त्यांच्यासाठी पाण्याचा स्प्रे, ओला पंचा हवाच. नोव्हेंबर ते मार्च जा, सकाळी जा. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि आई लोक टॉयलेटच्या भीतीने पाणी पीत नाहीत, म्हणून तर फोनवर टॉयलेट कुठे ते विचारायचं.

पासचा घोळ. नॅशनल पार्कचा अपंगांसाठी मोफत आजीवन अ‍ॅक्सेस पास असतो, पण तो अमेरिकन सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, व्हिजिटर व्हिसावरच्या आईबाबांना नाही, आणि तो स्टेट पार्कात चालतही नाही. स्टेट पार्कांचं प्रत्येक राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात कायमचं अपंगत्व असलेल्यांना गाडीच्या दिवसाच्या फीवर ५० टक्के सूट देणारा पास आहे. आणि कोणी तुम्हाला "या ट्रेलवर चाकं चालत नाहीत" म्हणालं तर ते सायकलींसाठी, जिथे लोकांना पायी जायला परवानगी आहे तिथे व्हीलचेअर नेता येते, कायद्याने. झेपेल का, ते आपलं आपण बघायचं.

निघताना शेवटी फुटरेस्ट मोजा, दोन. खुर्ची डिकीत टाकताना ते काढून ठेवतो आणि गराजमध्येच राहतात. आम्ही एकदा तसेच पोचलो होतो, शंभर मैलांवर, मग आईच्या ओढणीचा झोळीसारखा पट्टा करून दोन्ही बाजूच्या नळ्यांना बांधला आणि त्यात तिचे पाय ठेवले. अख्खा ट्रेल झाला, पण ओढणीला ग्रीस लागलं ते अजून निघालेलं नाही.